पहिल्या पानावरचे आकडे

बँकेतून निवृत्त होऊन आता काही वर्षे लोटली. पण एक खतावणी अजून माझ्या हातून सुटलेली नाही. भातकापणी उरकत येते, ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागते आणि रणजी करंडकाचे सामने सुरू होतात, त्या आठवड्यात मी रत्नागिरीच्या बाजारपेठेतून पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांब वही आणतो. पट्टीने रकाने आखतो. फलंदाजाचे नाव, धावा, चेंडू, कसा बाद झाला. गोलंदाजाची षटके, निर्धाव, धावा, बळी. आणि उजवीकडे शेऱ्यासाठी एक अरुंद रकाना. आमच्या सौ. या वहीला ‘मुंबईचं पासबुक’ म्हणतात आणि चहा ठेवता ठेवता विचारतात, ‘काय, आज जमा किती आणि खर्च किती?’

वास्तविक रत्नागिरीच्या माणसाने मुंबईच्या संघाचा हिशेब ठेवणे हे नियमाला धरून नाही. क्रिकेटच्या नकाशावर आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या संघटनेत मोडतो. तालुक्याचा एखादा पोरगा मोठा खेळाडू झालाच, तर त्याने मुंबईकडून नव्हे, पुण्याकडे तोंड करून खेळायचे असते. पण कोकणातल्या घराला नकाशा लागू होत नाही. ज्या घराची चूल मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटली, त्या घराचा संघ मुंबईच असणार. आमचे धाकटे काका गिरगावातल्या चाळीत राहत आणि टपाल खात्यात नोकरी करीत. गणपतीला आणि शिमग्याला गावी येत. एरवी त्यांचे पोस्टकार्ड येई. त्यात वर ‘श्री’, मग वडिलांना साष्टांग नमस्कार, मग पैसे पाठवल्याचा मजकूर आणि तळाशी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात मुंबईचा धावफलक. आम्ही मुले कार्ड खालून वर वाचत असू.

काकांना जुने आकडे तोंडपाठ असत. १९४८-४९ च्या हंगामातला पुण्याचा उपांत्य सामना ते एखाद्या आख्यानासारखा लावीत. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात मिळून २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यातल्या धावांचा हा विक्रम आजही उभा आहे. त्याच हंगामात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या, हे काका सांगत खरे. पण ते सांगताना आवाज जरा खाली येई. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने ओळीने १५ वेळा करंडक जिंकला. माझे बालपण त्या पंधरा वर्षांच्या शेवटच्या टप्प्यातले. त्यामुळे दसऱ्यानंतर दिवाळी येते, तसा मुंबईकडे करंडक येतो अशीच माझी समजूत होती. १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने ती मोडली. काकांचे कार्ड आले. तळाशी धावफलक नव्हता. त्या दिवसापासून मी स्वतः लिहू लागलो.

इतक्या वर्षांच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली म्हणून खाली काढल्या आणि सहज चाळता चाळता एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, म्हणजे हंगामातले पहिले दोन सामने संपेपर्यंत, माझा शेऱ्याचा रकाना भरगच्च आहे. ‘हा मुलगा कामाचा नाही.’ ‘सलामीची जोडी बदलावी.’ ‘कर्णधाराचे दिवस भरले.’ शेवटच्या पानांवर मात्र शेरे जवळजवळ नाहीत. जेव्हा माहिती थोडी होती तेव्हा मते भरपूर होती. आणि माहिती पुरेशी झाली तेव्हा माझ्याजवळ बोलण्यासारखे काही उरले नव्हते!

याला मी एकटाच अपवाद नाही. संध्याकाळी मांडवीच्या समुद्रावर आमचे चार निवृत्तांचे मंडळ बसते. तिथेही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच निकाल लागतो: ‘या वर्षी मुंबईचं काही खरं नाही.’ कुणी विचारीत नाही, की बाबा, सामने किती झाले? दोन. डाव किती? तीन किंवा चार. बँकेत कुणी चार व्हाउचरे पाहून वार्षिक ताळेबंद लिहिला असता, तर त्याला घरी पाठवले असते.

जुन्या वह्यांतल्या आणि नोंदींतल्या पहिल्या पानांनी किती वेळा फसवले आहे ते पाहा. सुनील गावसकर मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळले तो कर्नाटकाविरुद्ध. धावा शून्य. मामा माधव मंत्री हे माजी कसोटीपटू. तेव्हा हा मुलगा मामाच्या पुण्याईने संघात आला, अशी कुजबूज लगेच सुरू झाली. पुढच्या सामन्यात राजस्थानविरुद्ध त्यांनी ११४ धावा केल्या आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच कसोटी मालिकेत, चार सामन्यांत, ७७४. त्या शून्यानंतर कुणी वही मिटली असती तर?

सचिन तेंडुलकरचे उदाहरण आणखी मजेचे आहे. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने नाबाद शतक काढले. वय १५. हे पहिले पान खरे ठरले. पण १९८९ मध्ये कराचीत पहिल्या कसोटीत त्याच्या १५ धावा झाल्या आणि त्या दौऱ्यात पहिल्या एकदिवसीय सामन्यात शून्य. एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले शतक आले ते १९९४ मध्ये, ७९व्या सामन्यात. त्याच्याच शाळेतला विनोद कांबळी घ्या. पहिल्या सात कसोटींत चार शतके, त्यांत दोन द्विशतके लागोपाठ. सगळ्या कारकिर्दीची कसोटी सरासरी ५४.२०, पण कारकीर्द १७ कसोटींत आटोपली. सुरुवातीच्या आकड्यांवर कर्ज द्यायचे, तर कुठल्याही शाखाधिकाऱ्याने कांबळीला डोळे झाकून दिले असते आणि सचिनच्या एकदिवसीय अर्जावर ‘जामीनदार आणा’ असे लिहिले असते.

आणि या दोघांच्या ६६४ धावांच्या त्या भागीदारीच्या वेळी, १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये, पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसून राहिलेला तिसरा मुलगा? अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. १९९३-९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध प्रथम श्रेणीच्या पदार्पणात त्याने २६० धावा केल्या; पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. माझ्या त्या वर्षीच्या वहीत शेरा आहे: ‘दोन वर्षांत भारताकडून.’ शेऱ्याखाली लाल शाईने दोन रेघा. मुझुमदार १७१ प्रथम श्रेणी सामने खेळला, ११,१६७ धावा आणि ३० शतके केली. भारताकडून एकही सामना खेळला नाही. माझ्या लाल रेघा अजून तशाच आहेत.

पण पहिल्या पानाशी या माणसाचे काही निराळेच नाते असावे. २००६-०७ च्या हंगामात तो मुंबईचा कर्णधार होता आणि संघ हंगामाच्या सुरुवातीलाच लागोपाठ तीन सामने हरला. मांडवीवर आम्ही त्या वर्षीच्या मुंबईचे तेरावेसुद्धा घालून मोकळे झालो होतो. तो संघ पुढे उपांत्य फेरीत पोचला. तिथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर धावा शून्य आणि गडी बाद पाच, अशी अवस्था झाली. तीतूनही तो सावरला, सामना जिंकला, आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून त्याने मुंबईचे ३७वे विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा प्रशिक्षक हाच मुझुमदार होता. त्या संघानेही मधल्या टप्प्यात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन पराभव घेतले. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेलाच ५२ धावांनी हरवून चषक उचलला. तीन पराभवांचा अर्थ काय नसतो, हे त्या ड्रेसिंगरूममध्ये निदान एका माणसाला तरी पक्के ठाऊक होते.

मग सुरुवातीचे आकडे लिहायचेच कशाला? वही फेकून द्यावी काय? तसेही नाही. आकडा खोटे बोलत नाही. आपण त्याला जे विचारतो तेच चुकीचे असते. पहिल्या सामन्याला आपण विचारतो, ‘करंडक मिळेल का?’ त्याला ते ठाऊक नसते. दुसरे काही विचारले, तर तो सांगतो.

२०२३-२४ मध्ये मुंबईने ४२वे विजेतेपद मिळवले. त्या हंगामाची वही मी कौतुकाने अनेकांना दाखवली. बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी शतके काढली. असे प्रथम श्रेणीत पूर्वी एकदाच झाले होते. १९४६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी ओव्हलवर. हे मी हिरव्या शाईने लिहिले. पण त्याच वहीत दुसरीही एक नोंद होती, साध्या निळ्या शाईत. उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मुंबईचे सात गडी १०६ धावांत बाद. मग शार्दूल ठाकूरचे शतक. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध सहा गडी १११ धावांत बाद. मग पुन्हा शार्दूलच्या ७५. करंडक आला, बँड वाजला, आणि वरच्या फळीची ही उधारी तळघरातल्या माणसाने फेडली, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माझेही नाही.

पुढचा हंगाम, २०२४-२५. पहिलाच सामना बडोद्याला. बडोदा २९० आणि १८५. मुंबई २१४ आणि १७७. पराभव ८४ धावांनी. मांडवीवर हाहाकार! पण संघ त्यातून उठला, पुढच्याच सामन्यात महाराष्ट्राला हरवले आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला. म्हणजे पहिल्या सामन्याचा निकाल पुन्हा एकदा भविष्यवेत्ता म्हणून नापास झाला. परंतु ती दुसरी नोंद पाहा. जानेवारीत घरच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिला डाव १२०. त्या संघात रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे आणि श्रेयस अय्यर होते. दुसऱ्या डावात सात बाद १०१. पुन्हा शार्दूल, ११९ धावा. तरी सामना गेलाच. उपांत्यपूर्व फेरीत हरियाणाविरुद्ध सात बाद ११३; शम्स मुलाणी आणि तनुष कोटियन यांनी डाव सावरला. शेवटी नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भासमोर चौथ्या डावात ४०६ धावा करायच्या होत्या. त्या वेळी खालच्या फळीची पुंजीही अपुरी पडली आणि मुंबई ८० धावांनी हरली.

बँकेत आम्ही नव्या कारकुनाला शिकवायचो: एक हप्ता चुकला तर चौकशी करा; सहा हप्ते दर वेळी शेजाऱ्याच्या खिशातून आले तर मात्र काळजी करा. पहिल्या प्रकारात माणूस अडचणीत असतो. दुसऱ्यात खाते वरून निरोगी दिसते आणि आतून पोखरलेले असते. मुंबईच्या एका पराभवाने आम्ही छाती बडवली आणि विजयाच्या कागदाखाली दडलेली सवय पाहिली नाही. सुरुवातीच्या आकड्यांत निकालाचा रकाना सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो आणि सर्वांत कमी उपयोगाचा असतो. गडी कसा बाद झाला, किती चेंडू टिकला, निम्मा संघ किती धावांत परतला, हे रकाने अरुंद असतात. पण तिथली गोष्ट पुनःपुन्हा घडते की नाही, हे चार-पाच सामन्यांत दिसू लागते.

हे शहाणपण मला क्रिकेटने शिकवले असे म्हणालो, तर ती अर्धी थाप होईल. ते मी फार महाग किमतीला शिकलो, आणि किंमत माझ्या खिशातून गेली नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका खाडीकाठच्या शाखेत होतो. तिथल्या एका नाखव्याला यांत्रिक होडीसाठी कर्ज दिलेले होते. नारळी पौर्णिमा झाली, होडी दर्यात गेली, आणि पहिले तीन हप्ते आले नाहीत. त्या वर्षी सुरुवातीला वारा उलटा होता, इंजिनाचेही काही काम निघाले होते. हे सारे त्याने मला काउंटरशी उभे राहून सांगितले होते. मी तरुण होतो, आकडे माझ्या बाजूने होते. तिमाही अहवालात मी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला: ‘वसुली संशयास्पद.’ वरून नोटीस निघाली. गावात नाव खराब होऊ नये म्हणून त्या माणसाने पडेल भावात होडी विकली आणि कर्ज पै-पैसह फेडले. माझ्या खात्यात शंभर टक्के वसुली दिसली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

त्या फेब्रुवारी-मार्चात बंदरातल्या होड्या मासळीने भरून येत होत्या. त्याची होडीही आली. मालक दुसरा होता. तो स्वतः परक्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. पुढे एकदा मुलीच्या नावाने बचत खाते उघडायला तो शाखेत आला. फॉर्म मीच भरून दिला. मला राहवेना, मी त्या नोटिशीचा विषय काढला. तो अंगठ्याची शाई कागदाला पुसत म्हणाला, ‘साहेब, तुम्ही लिहिलंत ते खोटं नव्हतं. जरा लवकर लिहिलंत, एवढंच.’

त्यानंतर मी अनेक अहवाल लिहिले, कादंबऱ्याही लिहिल्या. पण त्याच्या त्या वाक्यासारखे नेमके परीक्षण माझ्या कुठल्याच लिखाणाचे कुणी केले नाही.

म्हणून आज हा विषय काढला. मांडवीवरच्या चार म्हाताऱ्यांनी मुंबईला ऑक्टोबरात बुडवले, तर मुंबईचे काही बिघडत नाही. पण शेरा मारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो त्यांनी तीच घाई केली, तर कुणाची तरी होडी जाते. रणजीत साखळीचे सामनेच जेमतेम सात. त्यातही २०२४-२५ पासून पाच सामने दिवाळीच्या आगेमागे आणि उरलेले दोन जानेवारीत, अशी फोड झाली. एकविसाव्या वर्षी संघात आलेल्या मुलाला दोन अपयशे आली, की मधल्या सुट्टीत त्याचे नाव यादीतून गळण्याची भीती असते. तिकडे पृथ्वी शॉ २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई सोडून महाराष्ट्राकडून पहिल्यांदा रणजी खेळला, तेव्हा केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्यावर बाद झाला. लगेचच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा काढल्या. नाव मोठे होते म्हणून त्याला दुसरा सामना मिळणार, हे ठरलेलेच होते. ज्याचे नाव मोठे नाही, त्याच्या शून्याचे काय?

आमच्या आळीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी निवड चाचणीला गेला होता. रात्रीच्या एसटीने आंबा घाट चढून, कोल्हापूरला गाडी बदलून, पहाटे उतरला. रांगेत दुपारपर्यंत उभा राहिला. दोन षटके गोलंदाजी मिळाली. त्यातला एक चेंडू वाइड गेला, एकावर चौकार बसला. संध्याकाळच्या गाडीने परत. बारा चेंडू! त्याच्या आईने मला विचारले, ‘भाऊ, तुम्ही एवढं लिहून ठेवता. बारा चेंडूंत कळतं का हो माणूस?’ रत्नागिरीच्या नावाचा संघ महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे विजेता ठरला, तेव्हा गावात फटाके वाजले. सामने मात्र पुण्याजवळच्या गहुंज्याला झाले. नाव आमचे, मैदान दूरचे. इथल्या मुलाला कुणी इथे येऊन, आठ दिवस थांबून, तीन सामने पाहून मग शेरा दिला, तर ते फटाक्यांहून मोठे होईल.

आंब्याच्या मुलखात हे समजावून सांगावे लागू नये. पहिल्या मोहोरावर बागेचा अंदाज बांधणाऱ्याला इथे शेंबडे पोरही हसते. ढग येतात, तुडतुडे पडतात, मोहोर काळा पडून गळतो. थंडी टिकली तर पुन्हा नवा मोहोर येतो. बागायतदार झाडाकडे रोज पाहतो, फवारणीची तारीख लिहून ठेवतो. पण डिसेंबरात झाड तोडायला कुऱ्हाड काढीत नाही. जे झाडाच्या बाबतीत आपण पिढ्यान् पिढ्या पाळतो, ते माणसाच्या बाबतीत का पाळू नये?

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. आकडे शाईनेच लिहायचे, कारण झाले ते झाले. शेरे मात्र पेन्सिलीने, आणि प्रत्येक शेऱ्याखाली तारीख. पाचवा सामना संपला की मागे जाऊन वाचायचे आणि जे टिकले नाही ते खोडायचे. या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर एका नव्या मुलाचे नाव आहे. पुढे दोन डाव: ४ आणि ११. सौ.नी चष्मा सरसावून ते पाहिले आणि विचारले, ‘याच्यापुढे काहीच कसं लिहिलं नाहीत?’

मी म्हटले, ‘अजून लवकर आहे.’